वेबसाइटची चावी कोणाकडे आहे, डॉक्टर?

सांगलीहून एका दंतवैद्य वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. पत्र मोठं आहे, मुद्द्यापुरतं इथे देतो.

"मी बीडीएस, विश्रामबागला माझा दवाखाना आहे. आधी मारुती रोडच्या बाजूला होता. 2019 च्या महापुरात पाणी शिरलं, खुर्ची गेली, कॉम्प्रेसर गेला, तेव्हा इकडे आले. त्याच वर्षी पुतण्याच्या मित्राकडून 18 हजारांत वेबसाइट करून घेतली. तो आता पुण्यात नोकरीला आहे, फोन उचलत नाही. पासवर्ड माझ्याकडे नाहीत. वेबसाइट उघडायला गेलं की लाल त्रिकोण येतो आणि पुढे जाऊ नका म्हणून सांगतो. गेल्या महिन्यात एकाने गूगलवर एक स्टार दिला. ‘दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी ठणका लागला, फोन केला तर लागत नाही, पैसे घेतले की विसरतात’ असं लिहिलं. त्या रात्री मला झोप नाही लागली. आता एक कंपनी मागे लागली आहे. 60 हजार आधी, मग महिन्याला 12 हजार, आणि गूगलच्या पहिल्या पानावर आणायची गॅरंटी. पुढच्या चौकातलं नवं क्लिनिक रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो रोज इन्स्टावर टाकतं. मिस्टर म्हणतात, वेबसाइट बंद कर आणि रील कर. चौदा वर्षं हातात मिरर-प्रोब धरलाय, हे बाकीचं मला कळत नाही. काय करू?"

डॉक्टर, नमस्कार.

पत्र वाचल्यावर उत्तर लिहायच्या आधी मी एक काम केलं. आपला गाल सुजलाय, रात्रभर झोप नाही आणि आपण तासगावच्या एसटी स्टँडवर उभे आहोत असं धरलं, आणि मोबाइलवर तुमच्या दवाखान्याचं नाव टाकलं. गूगलवर 0233 ने सुरू होणारा लँडलाइन नंबर आला. तो लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही. लाल त्रिकोण बाजूला सारून वेबसाइट उघडली, तिथे एक मोबाइल नंबर होता. तो एका मुलीने उचलला. ती दोन वर्षांपूर्वी तुमच्या रिसेप्शनला होती, आता लग्न होऊन इचलकरंजीला असते. स्वभावाने फार चांगली. म्हणाली, "मॅडमचा नवा नंबर आहे माझ्याकडे, देऊ का?" तिसऱ्या एका यादीत तुमचा पत्ता अजून मारुती रोडचाच आहे, आणि नकाशावरची खूणही तिथेच. पाणी ओसरून इतकी वर्षं झाली, पण इंटरनेटवर तुमचा दवाखाना अजून त्या जुन्या गाळ्यातच आहे.

म्हणजे त्या एक स्टारवाल्या माणसाने लिहिलं ते खरं आहे. त्याने फोन केला होता आणि तो लागला नाही. तुम्ही त्याला विसरला नव्हता, हे मला तुमच्या पत्रावरून कळतं, पण त्याला कसं कळावं? दाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका का लागतो, ड्राय सॉकेट (दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून खड्डा उघडा पडणं) म्हणजे काय, त्यावर औषधाची पट्टी ठेवली की किती आराम पडतो, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्या माणसाला पाहिजे होता फक्त चालू असलेला एक फोन नंबर.

माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं. तुमचा प्रश्न जाहिरातीचा नाहीच. तुमचं इंटरनेटवरचं नाव, त्याच्या चाव्या आणि तिथली माहिती तुमच्या ताब्यात राहिलेली नाही, प्रश्न हा आहे. ते आधी हातात घ्या. रील, पहिलं पान, नवं डिझाइन हे सगळं त्याच्यानंतर.

सगळ्यात निकडीचं आहे ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव. आयकॅन, म्हणजे डोमेन नावांची जागतिक व्यवस्था बघणारी संस्था, तिच्या लुकअप पानावर कोणत्याही डॉट कॉम नावाची नोंद बघता येते. तुमची बघितली. मालकाचं नाव तिथे झाकलेलं असतं, पण नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे दिसतं. तुमची मुदत संपायला 40 दिवस आहेत. नोंदणी कंपनीला नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी आठवणीची मेल पाठवावी लागते. ती मेल जाणार त्या मुलाच्या पत्त्यावर, आणि कॉलेजात असताना काढलेला तो पत्ता तो आता उघडतही नसेल. मुदत गेली की बऱ्याच कंपन्या थोडे दिवस सवलत देतात. त्यानंतर 30 दिवस असे असतात की नाव सोडवून घेता येतं, पण त्याला जबर दंड पडतो. मग पाच दिवस, आणि मग ते नाव कोणालाही खुलं. वाट बघत बसलेले लोक असतात, दवाखान्यांची जुनी नावं घेऊन त्यावर जुगाराची पानं लावतात. तुमचं हे नाव तर प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर छापलंय, बोर्डावर आहे, रुग्णांच्या जुन्या फायलींवर आहे. ते जाऊ देऊ नका.

त्या मुलावर रागावू नका. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांत फसवणूक क्वचितच निघते. विद्यार्थिदशेत चार पैसे मिळवायला वेबसाइट केलेली असते, नोकरी लागते, आणि जुन्या कामाचा फोन आला की आता फुकट राबावं लागणार या भीतीने तो उचलला जात नाही. म्हणून त्याला "वेबसाइट नीट करून दे" असा निरोप धाडू नका. निरोप इतकाच द्या: "नवं काही करायचं नाही, डोमेन माझ्या खात्यावर टाक, अर्ध्या तासाचं काम आहे, त्याचे पैसे देते." त्याने करायचं एवढंच. त्याच कंपनीत तुमच्या नावाने एक खातं उघडायचं आणि डोमेन त्या खात्यात सरकवायचं. कंपनी तीच राहिली तर हे बऱ्याचदा त्याच दिवशी होतं. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं असेल तर आधी कुलूप काढावं लागतं, हस्तांतराचा कोड घ्यावा लागतो आणि पाच-सात दिवस मोडतात. सध्या दुसरीकडे नेऊच नका, आधी आपल्या नावावर करा.

तो सापडलाच नाही तर नोंदणी कंपनीच्या मदत विभागाला लिहा. 2019 ची पावती किंवा त्याला पैसे पाठवल्याची बँकेची नोंद, दवाखान्याचा नोंदणी दाखला, तुमचं ओळखपत्र आणि डोमेनचं नाव छापलेलं जुनं पॅड सोबत जोडा. ते लगेच मालकी बदलून देतील असं नाही. पण मुदत वाढवण्याचे पैसे कोणी भरावेत याला बऱ्याच ठिकाणी अडकाठी नसते, म्हणजे निदान नाव तरी वाचतं. डोमेनचा वर्षाचा खर्च साधारण हजार-दीड हजार रुपये. तुमच्याकडच्या एका फिलिंगइतकाही नाही.

याच्या जोडीला दवाखान्याच्या नावाने एक स्वतंत्र ईमेल पत्ता काढा. तो तुमचा खासगी नको, रिसेप्शनच्या मुलीचाही नको. त्याच्या सुरक्षेसाठी मोबाइल नंबर तुमचा द्या आणि दुहेरी पडताळणी चालू करा. डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा), गूगलवरची नोंद, इन्स्टा, फेसबुक, सगळं त्या एका पत्त्यावर आणा. रिसेप्शनच्या मुलीला किंवा बाहेरच्या माणसाला काम करायचं असेल तर त्यांना मॅनेजर म्हणून जोडा, गूगलच्या नोंदीत तशी सोय आहे. मालक तुम्हीच. माणूस सोडून गेला की नाव काढायचं, बस. पासवर्ड एका वहीत लिहून घरच्या कपाटात ठेवलेत तरी माझी हरकत नाही. मात्र रिसेप्शनच्या टेबलावरच्या काचेखाली नको. ते मी बऱ्याच दवाखान्यांत पाहिलं आहे.

आता एक वाईट बातमी. गूगलमध्ये तुमच्या वेबसाइटची किती पानं नोंदली गेली आहेत ते बघितलं. तुमची पानं असायला हवीत पाच-सहा. निघाली शेकडो, आणि त्यात जपानी अक्षरांत बुटांची आणि घड्याळांची जाहिरात. तुम्ही तुमची वेबसाइट उघडलीत तर हे दिसणार नाही, कारण ही पानं फक्त गूगलच्या यंत्राला दाखवण्यासाठी केलेली असतात. हा प्रकार इतका सर्रास चालतो की गूगलने त्याला ‘जपानी कीवर्ड हॅक’ असं नावच दिलंय. तुमची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. तिचे प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, 2019 पासून कोणी अद्ययावत केले नाहीत, आणि चोर आत येतात ते बहुधा अशाच जुन्या प्लगइनच्या भोकातून.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ही साइट दुरुस्त करत बसू नका. नाव तेच ठेवा, साइट नवी करा. किडलेला भाग राखून वर कॅप बसवायची नसते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. सगळी जुनी पानं काढून टाकायची आणि साध्या पाच पानांची नवी साइट ठेवायची. मग दवाखान्याच्या मेलने गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, मालकी सिद्ध करायची. तिथे मालकांच्या यादीत कोणी अनोळखी पत्ता घुसलाय का ते आधी बघा, हे चोर स्वतःला मालक म्हणून जोडून ठेवतात. लाल त्रिकोणाचं कारण वेगळं आहे, ते सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं फुकट असतात, बहुतेक होस्टिंगवाले ती आपोआप नवी करण्याची सोय देतात. त्यासाठी कोणी वेगळे पाच हजार मागितले तर देऊ नका.

पाच पानांवर काय असावं? तुमचं नाव, शिक्षण, राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. वेळा. पत्ता, आणि पत्त्यासोबत सांगलीकराला कळेल अशी खूण. एक फोन नंबर, बोट लावलं की थेट लागेल असा, आणि व्हॉट्सअॅपचं बटण. उपचारांची माहिती. आणि उपचारानंतर घ्यायच्या काळजीचं एक पान. या शेवटच्या पानावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. दाढ काढल्यावर बोळा किती वेळ दाबून धरायचा, पहिले 24 तास चूळ जोरात भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, तंबाखू-मिश्रीला हात लावायचा नाही, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. तिसऱ्या दिवशी ठणका वाढला तर घाबरू नका पण घरी बसू नका, या नंबरवर फोन करा. हे तुम्ही रोज दहा वेळा तोंडाने सांगता, पण सुन्न झालेल्या जबड्याने ऐकणाऱ्या माणसाच्या किती ध्यानात राहणार? रुग्ण खुर्चीतून उठला की या पानाची लिंक त्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. असं पान आणि चालू नंबर त्या माणसाकडे असता, तर तो एक स्टार पडला नसता.

आणि हे मराठीत लिहा. तुमच्या जुन्या साइटवर मराठी मजकूर आहे, पण तो डीटीपीवाल्याकडून घेतलेला आणि चित्र म्हणून चिकटवलेला. चित्रातली अक्षरं शोधात धड येत नाहीत, मोबाइलवर मोठी करता येत नाहीत, आणि नजर अधू असलेल्या माणसाला फोनकडून वाचून घेता येत नाहीत. जुन्या फॉन्टमधला मजकूर नुसता उचलून टाकला तर त्याचा अक्षरांचा चिवडा होतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर सारखी दिसणारी अक्षरं असतात त्यात, नव्याने टाइप करून घ्या. साइट करणाऱ्याला पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला सांगा, नाहीतर ब्राउझर कधी कधी ती हिंदी समजून भाषांतर करू का विचारत बसतो. शब्द रुग्णाचे वापरा. ‘दंतमूलोपचार’ असं कोणी शोधत नाही. लोक म्हणतात रूट कॅनॉल, दाढ ठणकते, हिरडीतून रक्त येतं, कवळी, दाताला तार, अक्कलदाढ. तुमच्याकडे जत बाजूचे आणि सीमेपलीकडचे अथणीकडचे रुग्ण येतात असं तुम्ही पत्रात शेवटी जाता जाता लिहिलं आहे. मग वेळा, पत्ता आणि फोन एवढं तरी कन्नडमध्येही ठेवा. चार ओळींचं काम आहे, पण अथणीहून म्हाताऱ्या आईला घेऊन येणाऱ्या मुलाला त्या चार ओळींनी केवढा धीर येईल.

फोटोंचं सांगतो. जुन्या साइटवर पहिल्याच पानावर गोऱ्या परदेशी बाईचं पांढरंशुभ्र हसू आहे. ते काढा. तुमच्या इमारतीचा रस्त्यावरून काढलेला फोटो टाका, जिना किती पायऱ्यांचा आहे ते दिसू द्या, लिफ्ट असेल तर लिफ्ट. गुडघेदुखीचा माणूस ते आधी बघतो. ऑटोक्लेव्हचा, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, फोटो टाका. निर्जंतुक झालेल्या हत्यारांची बंद पाकिटं आणि त्यावरची रंग बदललेली पट्टी जवळून दिसेल असा, आणि खाली साध्या शब्दांत लिहा की प्रत्येक रुग्णासाठी नवं पाकीट त्याच्यासमोर फोडलं जातं. दाताच्या डॉक्टरकडे जाताना माणूस मनात हीच शंका घेऊन जातो आणि विचारायला लाजतो. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोनशे केबीच्या आत आणून मगच चढवायला सांगा, नाहीतर खेड्यातल्या कमी रेंजला पान उघडतच नाही.

रुग्णांच्या फोटोंच्या बाबतीत मात्र पुढच्या चौकाकडे बघून निर्णय घेऊ नका. डेंटल कौन्सिलच्या 2014 च्या आचारसंहितेत जाहिरातबाजी करून रुग्ण ओढणं अनैतिक धरलेलं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. ‘100 टक्के वेदनारहित’, ‘आयुष्यभराची गॅरंटी’ असली वाक्यं तुमच्या पानावर येऊ देऊ नका, कोणी एजन्सीवाल्याने घातली तरी जबाबदार तुम्हीच. आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख सरळ आहे: संमती माणसाला कळेल अशा भाषेत मागायची, आणि दिलेली संमती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. रुग्ण 18 वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती लागते. तारा लावलेली निम्मी मुलं तर त्याच वयाची असतात! त्या क्लिनिकच्या पोस्टमध्ये मी एक ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे पाहिला. डोळ्यांवर पट्टी नाही की काही नाही म्हणावं तर एक्स-रेला डोळे कुठले, पण वरच्या कोपऱ्यात रुग्णाचं पूर्ण नाव, वय आणि तारीख तशीच छापलेली. त्या मुलीला आपला जबडा अख्ख्या सांगलीने पाहिला हे माहीतही नसेल. मला ते बघवलं नाही. तुम्ही दोन-चार फोटो टाकलेच, तर वेगळ्या कागदावर मराठीत लिहिलेली संमती घेऊन टाका, फोटो ओठांपुरता ठेवा, आणि रुग्ण "काढा" म्हणाला की त्याच दिवशी काढा.

आता तो एक स्टार. रिव्ह्यू काढून टाकायची धडपड करू नका. शिवीगाळ, खोटी ओळख, प्रतिस्पर्ध्याने घातलेलं, असं काही असेल तर गूगलकडे तक्रार करता येते. नुसता राग आहे म्हणून रिव्ह्यू जात नाही, आणि इथला राग तर रास्त आहे. उत्तर द्या, पण त्यात उपचाराचा अक्षरानेही उल्लेख नको. कोणती दाढ, कधी काढली, त्याने गोळ्या घेतल्या की नाही, हे चारचौघांत सांगायचा अधिकार तुम्हाला नाही, त्याने स्वतः सांगितलं असलं तरी. मी असं लिहीन:

"आपण फोन केला आणि तो लागला नाही, याबद्दल मनापासून क्षमस्व. गूगलवरचा आमचा जुना नंबर बंद पडला होता. तो वेळेत बदलला नाही, ही चूक आमची. आता नवा नंबर दिला आहे. कृपया त्यावर फोन करा किंवा थेट या, मी स्वतः बघेन."

एवढंच. आणि हे उत्तर टाकायच्या आधी नंबर खरंच बदला. नंतर तुमच्या रजिस्टरमधून त्याचा नंबर शोधून स्वतः फोन करा. स्टार वाढवून द्या म्हणून नाही, दुखणं कसं आहे ते विचारायला. स्टारचा विषय काढूच नका. चांगले रिव्ह्यू हवेत तर समाधानी रुग्णाला निघताना सहज सांगा, "जमलं तर दोन ओळी लिहा." स्केलिंगवर (दातांच्या सफाईवर) सूट देऊन रिव्ह्यू मागणं, किंवा आधी खूश आहे का विचारून फक्त खूश माणसालाच लिंक पाठवणं, हे गूगलच्या नियमात बसत नाही आणि तुमच्या चौदा वर्षांच्या कामालाही शोभत नाही.

गूगलवरची ती नोंद, बिझनेस प्रोफाइल, हे तुमच्यासाठी वेबसाइटपेक्षाही आधीचं दार आहे. पूर्वी त्यातच एक फुकट छोटी वेबसाइट मिळायची, ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली. नोंद मात्र अजूनही फुकटच आहे. तुमची कोणाच्या तरी दुसऱ्याच खात्यावर आहे, ‘मालकी मागा’ अशी विनंती तिथूनच करता येते. हातात आली की नाव, पत्ता, नंबर बरोबर करा, नकाशाची खूण विश्रामबागच्या दारावर आणून ठेवा, आणि मग तेच नाव, तोच पत्ता, तोच नंबर अक्षर न अक्षर बाकीच्या याद्यांतही करा. मारुती रोडची जुनी नोंद वेगळी निघाली तर ‘येथून हलवले’ अशी तिची सूचना द्या. गणपतीत, दिवाळीत, कॉन्फरन्सला गेलात तर सुट्टीच्या वेळा आधी भरा. कृष्णेचं पाणी वाढू लागलं आणि आयर्विन पुलापाशी फूट मोजायला सुरुवात झाली की पहिल्याच दिवशी ‘तात्पुरते बंद’ किंवा ‘चालू आहे’ हे तिथे टाका. पुरात रस्ते अडतात, दात दुखायचे थांबत नाहीत. तेव्हा कोण चालू आहे हे ज्याला कळलं, तो माणूस जन्मभर त्या डॉक्टरला विसरत नाही.

आता कंपनीचे 60 हजार. नाही म्हणा. पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. आणि पहिलं पान म्हणजे कोणाचं? जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं: विचारलंय त्याच्याशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. मिरज स्टेशनसमोर उभं राहून ‘दाताचा डॉक्टर’ शोधलं तर जी यादी येते ती विश्रामबागच्या बागेत उभं राहून येत नाही. त्या कंपनीचा माणूस तुमच्याच दवाखान्यात बसून फोनवर तुमचं नाव सगळ्यात वर आणून दाखवेल, कारण तो तुमच्याच खुर्चीपासून दहा फुटांवर बसलेला असेल. साधी नवी साइट करून घ्यायला गावातला एखादा नीट काम करणारा मुलगा किंवा मुलगी बघा, आणि काम देण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: डोमेन आणि होस्टिंग डॉक्टरांच्या नावावर, सगळे पासवर्ड काम संपल्याच्या दिवशी ताब्यात, महिन्यातून एकदा अपडेट आणि बॅकअप, त्याचे पैसे ठरलेले. फुकट देखभाल मागू नका. फुकट कामाचा शेवट काय होतो ते आपण बघतोच आहोत.

मिस्टरांना सांगा, रील करायला माझा विरोध नाही. घोड्याच्या ब्रशने घासल्यासारखं दात घासू नये, लहान मुलाचा दुधाचा दात किडला तर ‘पडणारच आहे’ म्हणून सोडू नये, असं तुम्ही अर्ध्या मिनिटात सांगितलंत तर लोकांचं भलंच होईल. पण रील बघून उठलेला माणूस नंबर शोधतो, आणि तो नंबर इचलकरंजीला लागतो.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या कामातली, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं म्हणणं पटणार नाही. काही वर्षांपूर्वी कराडकडच्या एका दवाखान्याच्या साइटचं होस्टिंग मी बदललं. साइट दिसत होती, फॉर्म भरला की ‘धन्यवाद’ येत होतं. पण फॉर्मची मेल पुढे जातच नव्हती आणि मी ते तपासलं नाही. चार महिन्यांनी कळलं. साठवलेल्या नोंदी उघडल्या तेव्हा त्यात एका बाईचा निरोप होता: वडिलांच्या जिभेच्या कडेला जखम आहे, तीन आठवडे भरत नाही, दाखवायला कधी आणू. आमच्या भागात तंबाखूचं प्रमाण काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि अशी जखम किती दिवस थांबवून ठेवायची नसते तेही. डॉक्टरांनी लगेच फोन केला. तोवर त्यांनी दुसरीकडे दाखवलं होतं, उपचार सुरू झाले होते. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून दर शनिवारी मी प्रत्येक साइटचा फॉर्म स्वतः भरतो आणि मेल येईपर्यंत उठत नाही.

तुम्हीही शनिवारी शेवटचा रुग्ण गेला की पंधरा मिनिटं काढा. दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपलं नाव शोधा, आलेला नंबर लावा, फॉर्म भरून बघा, नवे रिव्ह्यू वाचा, पुढच्या आठवड्यात सुट्टी असेल तर भरा. फॉर्ममध्ये नाव, फोन आणि थोडक्यात तक्रार एवढंच विचारा. आजारांची जंत्री, औषधं, आधारचा फोटो यांतलं काही वेबसाइटवरून मागवू नका. ते खुर्चीवर बसल्यावर विचारायचं. डोमेनच्या मुदतीची तारीख मात्र आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, एक महिना आधीच्या पानावर.

आणि त्या मुलाचा फोन लागत नसेल तर पुतण्याला सांगून त्याच्या आईचा नंबर मिळवा. अजून सांगलीतच असतील. संध्याकाळी जरा घरी जाऊन या, चहा घ्या, काय अडलंय ते सांगा. चाळीस दिवस आहेत, पण आजच जा. नोंदणी कंपनीला लिहायचं पत्र मी तयार करून तुमच्या मेलवर पाठवलं आहे. त्यांचं उत्तर आलं की मला कळवा.